वाळक्या कांड्यांची आमरी

“लग्नातली नवरी परवडली, पण हे फूल नको,” काळ्या कापडाखालून पुटपुट आली. “नवरीला ‘हलू नको’ म्हटलं तर निदान श्वास तरी धरते.”

मी कॅमेऱ्याला खेटूनच उभी होते म्हणून ऐकू आलं. कापडाखाली आमचे हे होते, वर्धमान. एरवी अबोल माणूस, पण कापडाखाली गेला की तोंड सुटतं. आत उलट उत्तर द्यायला कोणी नसतं ना. कोरेगावात आमचा फोटो स्टुडिओ. त्या साली, म्हणजे पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत, सांगलीच्या एका कॉलेजच्या वनस्पती बागेत फुलांचं प्रदर्शन भरलं होतं, त्याचे फोटो काढायचं काम आम्हाला मिळालं होतं. मिळालं ते माझ्या भावामुळं. मदन त्या बागेची देखभाल करायचा. सांगली माझं माहेर, त्यामुळं जावयाचं काम सरस आहे की नाही हे कुणी फारसं विचारलं नाही.

“झाला का फोकस?” मी विचारलं.

“झालाय बहुतेक.”

‘बहुतेक’ म्हणाले की मी आत जायचं, हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि ते गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नव्हतं. मग हे बाहेर येऊन चारचौघांत म्हणायचे, “जरा बायकोला शिकवतो,” आणि मी आत जाऊन काचेला भिंग लावून फोकस करायची, फिल्मची चौकट सरकवायची. बटण मात्र तेच दाबायचे. लोक बटणाकडंच बघतात.

मी शाळेत गेले चौथीपर्यंत. बाकीचं डार्करूममध्ये शिकले. इंग्रजीसुद्धा औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचून वाचून आलं, म्हणजे ‘अंधारात ठेवा’ आणि ‘पोटात घेऊ नये’ एवढं तर पक्कं आलं. पुढं शेजारच्या मास्तरांकडचा जुना शब्दकोश मागून आणला, तो परत द्यायचा राहिला.

कापडाखाली शिरलं की काचेवर जग उलटं दिसतं. सवय झाली की त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी काचेवर होतं ते उंबराच्या ओंडक्याला बांधलेलं एक रानातलं झाड. झाड तरी कसलं, वाळक्या बोरूसारख्या पाच-सहा कांड्या, एकीवरही पान नाही. आणि त्या वाळक्या कांड्यांवर पांढरीशुभ्र फुलं, ओळीनं, लहान मुलांच्या दुधाच्या दातांसारखी. खाली लोंबणाऱ्या कांड्या काचेवर ताठ उभ्या दिसत होत्या.

मदन तिला आमरी, म्हणजे ऑर्किड, म्हणायचा. ज्यांची होती ते तिला बांडगूळ म्हणायचे.

ती बर्ग्यांची होती. बनुबाई, त्यांचे मालक लालासाहेब आणि सून अंजना, तिघंही कोरेगावाहून आमच्याबरोबरच सकाळच्या गाडीनं आले होते. बनुबाईंनी ओंडका मांडीवर घेतला होता आणि सांगलीपर्यंत कुणाला खिडकी लावू दिली नाही, का तर फुलांना कोंडल्यासारखं होईल. खिडकी उघडी म्हणून मग वारा लागायला लागला, तेव्हा पदर आडवा धरून बसल्या. डब्यातल्या एकानं विचारलं, “काय गं आजी, सरपन घिऊन कुठं?” तर म्हणाल्या, “सरपन तुझ्या घरात. माझ्या पोरानं लावलंय ह्ये.”

पोरगा म्हणजे हंबीरराव. मिलिटरीत होता. एकाहत्तरच्या मे महिन्यात सुटीवर आला, पाटणकडं बहिणीकडं जाऊन आला, आणि येताना रानातून ही आमरी घेऊन आला. वादळात मोडून पडलेल्या फांदीवर होती म्हणे. उंबराच्या ओंडक्याला स्वतःच्या बुटाच्या नाडीनं बांधली, आईला सांगितलं, ‘आता न्हाई, पर माघात फुलंल बघ,’ आणि गेला. डिसेंबरात लढाई झाली. लढाईनंतर तार आली की तो सापडत नाही.

सापडत नाही एवढंच होतं त्या तारेत. पुढल्या वर्षी तिकडच्या कैदेतले लोक सुटून आले, तेव्हा ल्हासुर्ण्याकडचा एक पोरगाही परत आला. बनुबाई त्याच्या घरी जाऊन आल्या. त्याच्या आईनं बनुबाईंची ओटी भरली. त्या पोराला हंबीररावाबद्दल काही माहीत नव्हतं. बनुबाई घरी येऊन म्हणाल्या, त्याला ठाव न्हाई म्हंजे ह्यो दुसऱ्या तुरुंगात असल.

आणि ही आमरी माघात फुलली नाही. बहात्तरच्या नाही, त्र्याहत्तरच्या नाही, चौऱ्याहत्तरच्याही नाही. दर थंडीत पानं झडायची, कांड्या वाळायच्या. एकदा लालासाहेबांनी ओंडका उचलून उकिरड्यावर टाकला. बनुबाईंनी तो परत आणला, धुतला, आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पावसाळ्यात कोंब फुटायचे, थंडीत पुन्हा काटक्या. असं करत करत यंदाच्या माघात कळ्या धरल्या.

आता हे एखाद्याला नुसतं झाडाचं फुलणं वाटेल. बनुबाईंना तसं वाटलं नाही. त्या आमच्या स्टुडिओत आल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “वैनी, फुललं. तो म्हनला हुता फुलंल. आता तो येतोय बघा. पर फुलं काय त्याच्यासाटनं थांबत न्हाईत. फोटू काढून ठेवा. आला की दावीन.”

मीच सांगून बसले की सांगलीला प्रदर्शन आहे, माझा भाऊ असतो, घेऊन चला. मला वाटलं, बाईला जरा बाहेर पडल्यासारखं होईल. चांगल्या हेतूनं मी बरंच काही करून ठेवलंय आयुष्यात.

आमरीनं एवढी वर्षं का घेतली हे मदननं त्यांना सांगितलं. तो झाडांविषयी बोलायला लागला की समोर कोण आहे बघत नाही. “मावशी, ही बांडगूळ नव्हे. झाडाचं काही खात नाही, नुसती बसते त्यावर. जागा बदलली की चार-चार वर्षं रुसते. आणि फुलायच्या आधी पानं टाकतेच. लोकांना वाटतं मेली. मेलेली दिसते, पण मेलेली नसते ही.”

बनुबाईंनी लालासाहेबांकडं बघितलं. “ऐकलंसा?”

लालासाहेबांनी ऐकलं. ते स्वतः जुने हवालदार, अजून सकाळी दाढी केल्याशिवाय चहा न घेणारे. पटका सारखा करून ते गुलाबांच्या ओळीकडं बघत राहिले. तिथून पुढं दिवसभर बनुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “मेलेली दिसती, मेलेली नसती. हितल्या सायबांनी सांगितलंय.” मदन ‘साहेब’ झाला म्हणून खूश होता. मी त्याला बाजूला घेऊन काही सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

कारण मला माहीत होतं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, लालासाहेब एकटे स्टुडिओत आले होते. सदऱ्याच्या आतून एक लिफाफा काढला. कचेरीत द्यायला कागदाची नक्कल हवी होती. तेव्हा आमच्याकडं कागदाची नक्कल म्हणजे कागदाचाच फोटो काढायचा. मी फोटो काढला, डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवत राहिले, आणि पांढऱ्यातून एकेक काळं अक्षर वर यायला लागलं. आधी नाव आलं. मग तारीख. मग तो शब्द, जो बाटल्यांवर कधी आला नव्हता. शब्दकोश बघितला. सरकारनं चौकशी पुरी केली होती, आणि हंबीरराव लढाईतच मेला असं धरलं होतं.

प्रिंट वाळवून दिला तेव्हा लालासाहेब म्हणाले, “वैनीसाब, तुमी वाचलं असंल.”

मी मान हलवली.

“घरात म्हाईत न्हाई. तिला झेपायचं न्हाई. आन् पोरीचं कपाळ...” लिफाफा परत सदऱ्याच्या आत गेला.

आठवड्यानं अंजना आली. हातात रिकामी रॉकेलची बाटली, म्हणजे रॉकेलच्या निमित्तानं निघाली होती. चोवीस-पंचवीसची असेल. लग्नानंतर नवऱ्याबरोबर मोजून दोन सुट्या राहिलेली. दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, मामंजींनी कागद आनला हुता. काय हुतं त्यात?”

“मला गं काय माहीत,” मी म्हणाले. “इंग्रजी होतं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या मागं कपाटात बाटल्या होत्या, एकूण एक इंग्रजी. आमच्याच दुकानात तिनं मला त्या वाचताना बघितलेलं. ती बाटली घेऊन गेली. त्या दिवसापासून ती मला कधी भेटली तरी डोळ्याला डोळा देत नसे, आणि मीही देत नसे. आम्हा दोघींना काय माहीत आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं. आणि कुंकू ती रोज लावत होती, बनुबाईंच्या समोर बसून, त्या म्हणतील तेवढं ठसठशीत.

प्रदर्शनात झाड नोंदवताना मदननं विचारलं होतं, “प्रदर्शकाचं नाव?”

बनुबाई म्हणाल्या, “हंबीरराव लालासाहेब बर्गे.”

“ते आले नाहीत ना पण?”

“लावलंय कुनी? मी नुसतं पानी घातलंय.”

मदननं कार्डावर लिहून टाकलं. बनुबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कार्ड हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितलं, आणि मग फुलांसमोर असं ठेवलं की रस्त्यावरनंही दिसावं.

दुपारी तीनच्या सुमाराला परीक्षक फिरले. रानफुलांत आमरीला पहिला नंबर मिळाला. निळी फीत घेऊन कमिटीचे एक सर आले, जाड चष्म्याचे, उत्साही. नियम असा होता की पहिल्या नंबराच्या झाडाशेजारी प्रदर्शकाला उभं करून फोटो घ्यायचा. सरांनी कार्ड वाचलं आणि लालासाहेबांना म्हणाले, “हंबीरराव आपणच का?”

“न्हाई. मुलगा.”

“मग बोलवा त्यांना. अभिनंदन तरी करू.”

शेजारच्या टेबलावरच्या झेंडूंवर माशा घोंगावत होत्या. मग बनुबाई म्हणाल्या, “ड्युटीवर हाय. मिलिटरीत.”

“अरे वा,” सर म्हणाले. “जवान. मग तर आणखीच छान.”

“त्याचा फोटू आनलाय मी,” बनुबाई म्हणाल्या. “तो ठेवा बाजूला. म्हंजे तो झाला की हजर.”

आणि पिशवीतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली फ्रेम काढली. फोटो आमच्याच स्टुडिओतला होता, सत्तर सालचा. गणवेशातला. त्याच्या डाव्या भुवईवर लहानपणीच्या पडण्याचा एक व्रण होता, तो मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवला होता. आम्ही सगळ्यांचेच घालवतो. तर बनुबाई दुसऱ्या दिवशी फोटो परत घेऊन आल्या होत्या: “ह्यो कुनाचा पोरगा दिलासा मला? भुवईवरला वण कुठं गेला?” मग मी बारीक ब्रशनं प्रिंटवर तो व्रण परत काढून दिला. तसा व्रण काढायला मला एक तास लागला होता. पडायला त्याला क्षण लागला असेल.

सरांना कल्पना फार आवडली. त्यांनीच फ्रेम टेबलावर ओंडक्याला टेकवून ठेवली. “आईवडिलांनी या बाजूला या. आपण पत्नी का? मग आपण फोटोच्या शेजारी.”

अंजना फ्रेमच्या शेजारी उभी राहिली. हिरवं लुगडं होतं, नवं.

“काच चमकतेय,” हे म्हणाले. त्यांनी छत्री उघडून माझ्या हातात दिली, सावली धरायला. मग आत गेले, बाहेर आले, आणि म्हणाले, “जरा बायकोला शिकवतो.”

छत्री त्यांच्या हातात देऊन मी कापडाखाली शिरले. आधी काही जाणवलं नाही. उलटं चित्र, उलटी माणसं. भिंग लावलं, भुवईवरच्या व्रणावर फोकस केला, कारण चेहरा बरोबर आला की बाकी येतंच. व्रण टोकदार दिसला. त्याच्या शेजारी पांढरं काहीतरी होतं. भिंग सरकवलं. एक कांडी ओंडक्यावरून घसरून फ्रेमच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आली होती, फुलांसकट. मनातल्या मनात चित्र सुलटं केलं आणि माझे हात थांबले. अशा चौकटी मी आयुष्यभर केल्या आहेत. गावातल्या प्रत्येक घरात दाराच्या वर एक असते, फुलांसकट.

बाहेर येऊन मी कांडी अलगद उचलून मागं केली. ती परत पुढं आली. पुन्हा केली.

“ऱ्हाऊ द्या की वैनी,” बनुबाई म्हणाल्या. “त्याचीच फुलं हायती. लागली त्याला तर लागू द्या.”

लालासाहेब मान खाली घालून उभे होते. अंजनानं फुलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यात बघितलं. मी परत कापडाखाली गेले. कापड त्यासाठी बरं असतं.

रथसप्तमी दोन दिवसांवर होती. संक्रांतीचं हळदीकुंकू तोवर चालतं, म्हणून बायकांच्या मंडळाच्या दोघी-तिघी करंडा आणि तिळगूळ घेऊन बागेत फिरत होत्या. त्यातल्या सुलाबाई आमच्या टेबलापाशी आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, हसऱ्या. मला त्यांचा आवाज कापडातून ऐकू आला आणि काचेवर त्यांचं रेशमी नऊवारी उलटं आलं. “थांबा हं फोटोवाले, आधी बायकांची कपाळं सजू द्या, मग काढा.”

त्यांनी बनुबाईंना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. मला कापडातून बाहेर बोलावून लावलं. मग अंजनाकडं वळल्या.

“ही सून माझी,” बनुबाई म्हणाल्या, आणि फ्रेमकडं हात केला. “ह्या माझ्या हंबीररावाची बायकू.”

सुलाबाईंचं बोट कुंकवात बुडालेलंच होतं. ते वर आलं. त्यांनी फ्रेमकडं बघितलं. गणवेश, त्यावरून आडवी गेलेली पांढरी फुलं, समोर ठेवलेलं कार्ड. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण कुठं ठेवावं हे त्याला कळेना. बोट अंजनाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबलं.

बाई वाईट नव्हत्या. मी त्यांच्या जागी असते तर माझंही बोट थांबलं असतं.

“लावा की,” बनुबाई म्हणाल्या.

सुलाबाईंनी बोट हलवलं-न-हलवलंसं केलं. “नाही म्हणजे... मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“फोटोला फुलं बघून...” त्यांनी लालासाहेबांकडं बघितलं. घरात पुरुष असला की बायका अशा वेळी पुरुषाकडं बघतात. लालासाहेबांनी खिशावर हात ठेवला, जिथं तो कागद आता नव्हता.

“सवाशीन हाय ती,” बनुबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण एकसारखाही राहिला नव्हता. “झाडाचं काय सांगितलंय तुमच्या सायबानं? मेलेली दिसती, मेलेली नसती. लावा कुक्कू.”

मदन पाण्याची झारी घेऊन तिथंच उभा होता. त्याला आता कळलं असावं की दिवसभर काय बोलत होता. झारीतून पाणी त्याच्या पायावर सांडत होतं. कमिटीचे सर चष्मा पुसत होते. आमच्या यांनी बटणाची दोरी हातात धरली होती आणि ती दाबायची की सोडायची हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

बोलायचं होतं ते मी. लाल दिव्याखाली एकेक अक्षर मी वाचलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “वारा पडलाय. घेऊन टाकू या का फोटो?”

सुलाबाईंना सुटल्यासारखं झालं. “हो हो, घ्या,” म्हणत त्या पुढं झाल्या आणि त्यांचं बोट कपाळाकडं निघालं.

अंजनानं त्यांचं मनगट धरलं. जोरानं नाही, चुलीवरचं भांडं उतरवताना धरतात तसं, बेतानं, आणि खाली केलं. कुंकवाचा डाग तिच्या तळव्याला लागला. फ्रेमकडं तिनं बघितलं नाही. सासूकडं वळली. त्या दोघींच्या मध्ये टेबलाचा कोपरा होता, त्याला वळसा घालून ती बनुबाईंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

“ते मेल्यात, आत्याबाई,” ती म्हणाली. “तीन वर्सं झाली. ते यायचं न्हाईत.”